‘चाललंय’ आणि ‘ठरलंय’ यांच्यामधलं अंतर

वाचकांचे प्रश्न

प्रेम, जोडी जमणं आणि लग्न ठरणं यांबद्दल परदेशी मित्रमैत्रिणीशी बोलायला गेलं की गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते याविषयीची पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न: माझी हॉस्टेलमधली मैत्रीण मलेशियाची, मलय मुस्लिम घरातली. जेवायला बसलो की ‘तुमच्याकडे कसं असतं?’ हा विषय निघतोच. मी म्हटलं, आमच्याकडे डेटिंग नसतं. ती म्हणाली, आमच्याकडेही नसतं. आणि मग दोघींनीही रोज संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या चार-चार जोड्या सांगितल्या! नीट तुलना करायची तर कशी करायची? — टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: शब्द बाजूला ठेवा आणि पायऱ्या मोजा. किल्ला तलावाच्या काठावर भेळ खात बसलेली जोडी एका वर्गातली असेल, त्यांचं ‘चाललंय’ असेल, किंवा गेल्या रविवारी साखरपुडा होऊन ‘ठरलंय’ असेल. लांबून तिन्ही सारख्याच दिसतात आणि ‘डेट’ हा शब्द तिन्हींना लावता येतो. म्हणून ‘तुमच्याकडे डेटिंग असतं का?’ याला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरं खरी ठरतात.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा आणि पाच प्रश्न लिहा. ओळख कोण करून देतं? दोघं एकटी पहिल्यांदा कधी भेटू शकतात? ‘आपलं आहे’ हे कोण बोलतं आणि कुठल्या शब्दांत? घरी केव्हा कळतं आणि कोण सांगतं? मागे फिरायचं झालं तर कुठल्या पायरीपर्यंत फिरता येतं आणि काय परत करावं लागतं? दोघींनी एकमेकींचं न बघता आपापला रकाना १५ मिनिटांत भरायचा आणि मगच वाचायचा. अट एकच: रीत कशी असायला हवी ते लिहायचं नाही, आपल्या घरातल्या शेवटच्या लग्नात काय झालं ते लिहायचं. ही अट सोडली की दोघीही शाळेच्या पुस्तकातली संस्कृती लिहितात आणि तुलना तिथेच संपते. पाचवा प्रश्न तर मुळीच गाळू नका. नातं किती पक्कं झालंय हे ते मोडताना काय लागतं त्यावरूनच कळतं.

आपल्या भागातल्या मराठी घरात ठरवून होणाऱ्या लग्नाचा रकाना साधारण असा भरेल. मावशी, आत्या किंवा वधू-वर सूचक मंडळाकडून स्थळ कळतं. बायोडेटा आणि पत्रिका जाते. पाच-सात माणसं मुलगी बघायला येतात, पोहे नाहीतर उप्पीट आणि चहा होतो, दोघांना गच्चीवर किंवा आतल्या खोलीत १०-१५ मिनिटं बोलायला देतात. होकार मध्यस्थाकडून कळतो. मग मुलीकडचे घर बघून येतात, बैठक बसते, याद्या होतात, सुपारी फुटते, साखरपुडा होतो. दोघं उघडपणे गोकाकच्या धबधब्याला किंवा सिनेमाला जातात ती यानंतर. अमेरिकन मुलगी जे पहिल्या ओळीत लिहील ते आपल्याकडे शेवटून दुसऱ्या ओळीत येतं. लव्ह मॅरेजमध्ये वरच्या ओळी बदलतात, पण बैठक आणि साखरपुडा तिथेही बहुतेक सुटत नाही.

मलय घरात पहिली औपचारिक पायरी म्हणजे ‘मेरिसिक’. मुलाकडची मोठी माणसं मुलीच्या घरी जातात आणि बागेतलं फूल कुणी खुडलंय का, अशा आडवळणाने मुलगी मोकळी आहे का ते विचारतात. हल्ली दोघांचं आधीच जमलेलं असलं तरी ही भेट होते. ‘बर्तुनांग’ म्हणजे साखरपुडा. त्यात दोन्ही घरांकडून सजवलेली तबकं येतात, त्यांना ‘हंतारान’ म्हणतात. संख्या विषम असते आणि मुलीकडची तबकं सहसा दोनने जास्त असतात: मुलाकडून ५ आली तर मुलीकडून ७. सगळ्यांत पुढे विड्याची पानं उभी रचलेलं तबक असतं, ‘सिरिह जुनजुंग’. तुमच्या गप्पांना सुरुवात इथूनच करा. आपल्याकडे सुपारी फुटते, तिच्याकडे पान पुढे चालतं, आणि दोन्हींकडे त्या पानसुपारीचा अर्थ ‘शब्द दिला’ असाच होतो.

पैशाची दिशा मात्र उलटी आहे. ‘मास काहविन’ ही रक्कम नवरा बायकोला देतो आणि ती तिची स्वतःची असते. लग्नखर्चासाठी मुलाकडून मुलीच्या घरी वेगळी रक्कमही जाते. त्यामुळे हुंडा समजून घेताना ती नक्की अडखळेल. १९६१ पासून हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे हे सांगा, आणि तरी तो कुठल्या कुठल्या नावाने चालतो हेही सांगा. मैत्रिणीपासून लपवण्यात काही मिळत नाही.

एका बाबतीत फार जपा. मलेशियात मुसलमानांना लागू असलेल्या शरिया कायद्यात, एकमेकांशी लग्न न झालेल्या स्त्री-पुरुषाने आडबाजूला एकत्र असणं हा ‘खलवत’ नावाचा गुन्हा आहे. तिचा संकोच निव्वळ लाजाळूपणातून आलेला नसू शकतो. सहलीला गेल्यावर एखाद्या मुलाशेजारी बसलेला तिचा फोटो तिला न विचारता कुठेही टाकू नका. आणि ती जे सांगेल ते ‘मलेशियाचं’ म्हणून वहीत लिहू नका. तिथल्या चिनी आणि तमिळ घरांचे रकाने अगदी वेगळे भरतील. ‘तुमच्यात’ याऐवजी ‘तुमच्या घरी’ असं विचारलंत तरी निम्म्या चुका टळतात.

प्रश्न: कांदेपोह्यांचं वर्णन केलं की आमची परदेशी मैत्रीण लगेच ‘म्हणजे जबरदस्ती?’ असं विचारते. राग येतो, पण उत्तरही सुचत नाही. — शहापूर, बेळगाव

उत्तर: तिच्या प्रश्नाला थेट उत्तर द्या: नकार कोण देऊ शकतं आणि तो कसा पोचतो? ठरवून केलेलं लग्न आणि जबरदस्तीचं लग्न यांत फरक इथेच आहे. आपल्याकडे नकार सहसा मध्यस्थामार्फत जातो आणि त्याला सभ्य कारणाचं आवरण असतं. ‘पत्रिका जुळत नाही’ हे त्यातलं नेहमीचं. त्यामुळे समोरच्याचा अपमान होत नाही आणि दोन्ही घरं पुढे एखाद्या लग्नात भेटली तरी बोलू शकतात. हे समजलं की मध्यस्थ कशाला लागतो तेही तिला समजेल.

जपानची ‘ओमिआई’ दाखल्याला चांगली. तिथेही ‘नाकोदो’ म्हणजे मध्यस्थ, तिथेही फोटो लावलेला बायोडेटा, भेट बहुधा हॉटेलच्या लाउंजमध्ये, आणि नकार नाकोदोमार्फतच. १९६० च्या दशकाच्या शेवटी तिथे प्रेमविवाहांची संख्या ओमिआईच्या पुढे गेली. म्हणजे ही रीत आपल्यापुरती नाही आणि ती न बदलणारीही नाही.

पण उत्तर प्रामाणिक असू दे. मुलाने पाच स्थळं नाकारली तर कुणी विचारत नाही, मुलीने तिसरं नाकारलं की घरात कुजबुज सुरू होते. जातीबाहेरचं स्थळ यादीतच येत नाही. तुमची मैत्रीण हे विचारणारच. तिने विचारण्याआधी तुम्हीच सांगितलंत तर तुमच्या बाकीच्या बोलण्यावर तिचा विश्वास बसतो.

प्रश्न: पुण्याच्या कंपनीत माझी सहकारी जर्मन आहे. तिने ‘माइन फ्रॉइंड’ म्हणून एकाची ओळख करून दिली, मी त्याला नुसता मित्र समजलो. तिच्या वाढदिवसाला रात्री बरोबर १२ ला मेसेज टाकला, तेव्हा ती सुट्टीवर घरी जर्मनीत होती. ‘पुन्हा असं करू नकोस’ म्हणाली! माझं काय चुकलं? — निपाणी

उत्तर: दोन्ही चुका सहज होण्यासारख्या आहेत. जर्मनमध्ये ‘मित्र’ आणि ‘प्रियकर’ यांना शब्द एकच, ‘फ्रॉइंड’. फरक आधीच्या शब्दाने होतो. ‘माइन फ्रॉइंड’ म्हणजे माझा जोडीदार. नुसता मित्र असेल तर ‘आइन फ्रॉइंड फॉन मिअर’, माझ्या मित्रांपैकी एक. मराठीत ‘माझा मित्र’ म्हणताना आपण ‘माझा’वर काहीच भार टाकत नाही, तिथे सगळा भार त्यावरच असतो. तुम्ही जर्मनमध्ये एखाद्या सहकारी मुलीला ‘माइने फ्रॉइंडिन’ म्हणालात तर तोच घोटाळा उलट्या बाजूने होईल. प्रेमाच्या शब्दांतही अशीच पायरी आहे. ‘इश हाब दिश लीब’ आई, बहीण, जवळची मैत्रीण, कुणालाही म्हणतात. ‘इश लीबे दिश’ जपून वापरतात, आणि बहुतेक जोडीदारालाच.

आता वाढदिवस. जर्मनीत दिवस उजाडण्याआधी शुभेच्छा देणं अपशकुन मानतात. निपाणीत रात्रीचे १२ वाजतात तेव्हा हिवाळ्यात तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे ७:३० झालेले असतात, उन्हाळ्यात ८:३०. आपल्याकडे सर्वांत आधी मेसेज टाकणं हे मायेचं लक्षण, तिथे तोच मेसेज वेळेआधी पोचतो. सकाळी ११ नंतर पाठवा, म्हणजे तिथेही सकाळ झालेली असेल.

बिलाबद्दलही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असेल. जर्मनीत वेटर ‘एकत्र की वेगळं?’ असं सरळ विचारतो आणि वेगळं म्हणण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे बिलासाठी ओढाताण करणं हा पाहुणचार असतो. तुम्ही एकदा आग्रह करा, ती नको म्हणाली तर तिथेच थांबा. दुसऱ्यांदा ताणलंत तर तिला उपकार वाटायला लागतात, किंवा तुमच्या मनात मैत्रीपलीकडचं काही आहे असं वाटतं. फुलं नेलीत तर कागद काढून हातात द्या. लाल गुलाब नेऊ नका, त्याचा अर्थ प्रेम हाच घेतला जातो. शेवंतीही टाळा, ती तिथे स्मशानाशी जोडलेली आहे.

प्रश्न: १४ फेब्रुवारीला आमच्या टीममधल्या जपानी मॅडमनी मला चॉकलेटचा छोटा डबा दिला. मित्र चिडवतायत. मला काही बोलायला हवं का? — अनगोळ, बेळगाव

उत्तर: आधी बाकीच्यांना मिळालंय का ते बघा. जपानमध्ये या दिवशी बायका पुरुषांना चॉकलेट देतात आणि त्याचे प्रकार ठरलेले आहेत. ‘गिरी-चोको’ म्हणजे रीत म्हणून सहकाऱ्यांना दिलेलं, ‘तोमो-चोको’ मित्रमैत्रिणींना, आणि ‘होनमेइ-चोको’ मनातल्या माणसाला. टीममधल्या सगळ्यांना एकसारखा डबा मिळाला असेल तर तो गिरी. होनमेइ बहुतेक वेळा महागडं किंवा हाताने केलेलं असतं, चारचौघांत देत नाहीत, आणि सोबत चिठ्ठी किंवा स्पष्ट शब्द असतात.

तसंही जपानमध्ये नातं अंदाजावर सुरू होत नाही. ‘कोकुहाकु’ म्हणजे कबुली ही स्वतंत्र पायरी आहे. ‘मला तू आवडतेस, माझी सोबत करशील का?’ असं तोंडाने विचारायचं आणि समोरून ‘हो’ आलं की त्या क्षणापासून जोडी. अमेरिकेत आधी बऱ्याच भेटी होतात आणि मग कधीतरी हा विषय निघतो. जपानमध्ये एक-दोन भेटींनंतर कबुली येते आणि खरं फिरणं त्यानंतर. आपल्याकडे हे वाक्य बैठकीत घरातली मोठी माणसं बोलतात, तिथे ते त्या दोघांनाच बोलावं लागतं. मॅडमनी असं काही विचारलेलं नसेल तर तुम्हीही काही गृहीत धरू नका, आणि मित्रांचं चिडवणं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका.

परतफेड मात्र करायची. तिचा दिवस १४ मार्च, ‘व्हाइट डे’. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या मिठाईवाल्यांनीच तो सुरू केला. गिरीला बिस्किटांचा साधा पुडा पुरतो. मार्शमॅलो देऊ नका, ‘तू आवडत नाहीस’ असा त्याचा अर्थ लावणारे आहेत. बेळगावचं काही द्यावं असं वाटत असेल तर पाव किलो कुंदा छान, पण तो दुधाचा, फ्रीजमध्ये ठेवून लवकर संपवायला सांगा. प्रवासात करदंट जास्त टिकतो. त्यात सुकामेवा असतो, तेव्हा काही चालत नाही का ते आधी विचारा. डबा दोन्ही हातांनी द्या. त्यांनी तो तुमच्यासमोर उघडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्या आजीही आहेराचं पाकीट पाहुण्यांसमोर कुठे उघडतात?

प्रश्न: ऑनलाइन भाषा शिकताना कोरियन मैत्रीण झाली. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं असं मी बोलून गेलो आणि ती एकदम गप्पच बसली बघा. आता तिला कसं समजावू? शिवाय ती सांगते ते ‘शंभर दिवस’ कसे मोजतात? — चिकोडी

उत्तर: कोरियात नात्यातलं अंतर ‘अंशां’त मोजतात आणि आठव्या अंशापर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्न कायद्याने होत नाही. मामा, काका, मावशी, आत्या या सगळ्यांच्या मुलांना तिथे एकच शब्द आहे, ‘साचोन’, आणि त्याचा अर्थच ‘चौथ्या अंशाचं नातं’. त्यामुळे तुमचं वाक्य तिला बहिणीशी लग्न असं ऐकू आलं. तिला सांगा की मराठीत हे नातं चार शब्दांत वाटलेलं आहे. चुलत आणि मावस ही बहीण-भावंडंच. मामे-आते नात्यात मात्र अनेक समाजांत सोयरीक होत आली आहे, आणि त्यातही मामाची मुलगी करणं ही जुनी वाट. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यात लग्नाला मनाई आहे, पण समाजात रूढी असेल तर सूट मिळते.

आणि हेही सांगा की तुमच्या गल्लीतच दोन रीती नांदतात. शेजारच्या कित्येक कन्नड घरांत मामाने सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न करणं रूढ आहे. मराठी माणसाला ते ऐकवत नाही, तसंच तिला तुमचं ऐकवलं नाही. आता रूढी बाजूला ठेवून: जवळच्या नात्यात लग्न झालं तर मुलांमध्ये आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो हे खरं आहे. असं स्थळ विचारात असेल तर आधी डॉक्टरांचा जनुकीय सल्ला घ्या.

तिच्याकडेही आपल्या गोत्रासारखी एक गोष्ट होती. एकच आडनाव आणि एकच मूळगाव असणाऱ्यांना लग्न करता येत नसे, नातं शेकडो वर्षं मागचं असलं तरी. १९९७ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली. देवक आणि कुळी पाहून लग्न ठरवणाऱ्या घरातल्या मुलाला यावर तिच्याशी तासभर बोलता येईल.

शंभर दिवस सोपे आहेत. कबुलीचा दिवस ‘पहिला’ धरायचा, शून्य नाही. बारसं मोजताना जन्मदिवस पहिला धरतात, अगदी तसंच. १४ फेब्रुवारीला जमलं तर शंभरावा दिवस २४ मे, लीप वर्ष असेल तर २३ मे. मित्राच्या ओळखीतून समोरासमोर होणाऱ्या पहिल्या भेटीला तिथे ‘सोगेटिंग’ म्हणतात. म्हणजे मध्यस्थ आहेच, फक्त तो मावशीच्या वयाचा नसून तुमच्या वयाचा असतो.

प्रश्न: मुलगी आणि तिचा परदेशी मित्र बेळगावातच लग्न नोंदवायचं म्हणतात. धर्म वेगळे आहेत. किती दिवस लागतील? — हिंदवाडी, बेळगाव

उत्तर: १९५४ चा विशेष विवाह कायदा लागू होतो आणि त्यात कुणालाही धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस दिल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मुलाचं वय २१, मुलीचं १८ पूर्ण हवं आणि नोंदणीच्या दिवशी तीन साक्षीदार. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न झालं नाही तर ती रद्द होते, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बहुतेकांचं अडतं ते एका कागदावर: तो अविवाहित असल्याचा त्याच्या देशाचा किंवा दूतावासाचा दाखला. तो यायला वेळ लागतो, म्हणून नोटिशीच्या आधी मागवा. नोटीस कार्यालयात उघड लावली जाते. नातेवाइकांना ती तिथे वाचायला मिळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या.

प्रश्न: धाकट्या मुलीच्या लग्नाला मुलाचा ब्राझीलचा मित्र मैत्रिणीसह चार दिवस घरी राहायला येतोय. दोघांचं लग्न झालेलं नाही. झोपायची सोय कशी करावी आणि वडीलधाऱ्यांना काय सांगावं? — खानापूर

उत्तर: झोपण्याच्या वेगळ्या खोल्यांबद्दल ते तिकीट काढण्याआधी मुलानेच सांगायला हवं. ‘घरात आजी-आजोबा आहेत, आमच्याकडे अशी पद्धत आहे’ एवढं पुरतं. आधी कळलं तर पाहुणे आनंदाने मानतात किंवा गावात लॉज बघतात. रात्री दहा वाजता अंथरूण घालताना कळलं तर त्यांना आपण नकोसे झालो असं वाटतं. वडीलधाऱ्यांपाशी ‘होणारी बायको’ असं खोटं सांगू नका. मांडवातल्या बायका लगेच तारीख विचारतील आणि त्या बिचारीला तुमचं खोटं सांभाळत बसावं लागेल. ‘मुलाचा मित्र आणि त्याची मैत्रीण’ एवढंच सांगा.

परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला असला की ते २४ तासांच्या आत परदेशी नागरिकांच्या नोंदणी विभागाला कळवणं बंधनकारक आहे. लग्नाच्या घाईत हे विसरतं. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती आधीच मागवून एका माणसावर हे काम सोपवा. ब्राझीलमध्ये भेटताना गालाला गाल लावतात, साओ पाउलोत एकदा, रिओत दोनदा. इथे हात जोडायचे हे मुलाने त्यांना आधी सांगावं आणि आत्या-काकूंनाही कल्पना द्यावी, म्हणजे कुणी दचकणार नाही. ती लग्नात साडी नेसणार असेल तर ब्लाउजची मापं निदान १५ दिवस आधी मागवा. लग्नसराईत खानापुरात शिंपी आयत्या वेळी मिळत नाही.

आणि पोर्तुगीज भाषेतले दोन शब्द मुलाला विचारून घ्या. ‘फिकार’ म्हणजे दोघं भेटतात, जवळीकही असते, पण वचन काहीच नाही. ‘नामोरार’ म्हणजे एकाने विचारलं, दुसऱ्याने हो म्हटलं, घरी माहीत आहे, एकमेकांच्या घरच्या जेवणाला जाणं-येणं आहे. प्रेमी जोड्यांचा दिवसही तिथे १४ फेब्रुवारीला नसतो, तो १२ जूनला, संत अँटनीच्या सणाच्या आदल्या दिवशी. ती दोघं ‘नामोरार’ असतील तर तुमच्या सासूबाईंना ‘चाललंय’ सांगावं की ‘ठरलंय’, असा पेच पडेल. ‘चाललंय, आणि दोन्ही घरच्यांना माहीत आहे’ असं सांगा. आपल्या भाषेत त्याला एक शब्द नाही, पण सासूबाईंना समजेल.